हर्ट्झचे माप कोण तपासणार?

गेल्या दिवाळीच्या तोंडावर आमच्या शेजारच्या काकांनी नवा टीव्ही घ्यायचे ठरवले आणि 'तुम्हाला त्यातले कळते' असे म्हणून मला बरोबर नेले. काका टपाल खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर तराजूवर पाकिटे आणि पार्सले जोखलेला माणूस. ग्रॅमाचा हिशेब चुकलेला त्यांना आजही खपत नाही. दुकानात भिंतभर पडदे लावलेले होते आणि सगळ्यांवर तेच ते चालू होते. रंगीबेरंगी पोपट, चमच्यावरून ओघळणारा मध, पाण्यात पसरणारे शाईचे थेंब. सगळे इतके झगझगीत की खऱ्या पोपटाने लाजून मान खाली घालावी.

"काका, हा साठ हर्ट्झचा आणि हा एकशेवीसचा," विक्रेता म्हणाला. "फरक दिसतोच आहे तुम्हाला."

"हर्ट्झ म्हणजे काय हो?"

"स्पीड, काका. जितके जास्त तितके चांगले."

दोन संचांच्या किमतीत आठ हजारांचा फरक होता. काकांनी थोडा विचार केला, 'एकदाच घ्यायचा आहे' असे स्वतःलाच समजावले आणि एकशेवीसचा घेतला. घरी आल्यावर त्यांच्या नातीने माहितीपुस्तिका शेवटच्या पानापर्यंत वाचली. त्यात बारीक अक्षरांत पॅनेलचा रिफ्रेश रेट दिलेला होता : ६० हर्ट्झ. मग खोका पुन्हा पाहिला. त्यावर १२० हा आकडा बोटभर उंचीचा होता आणि त्याच्या आधी 'मोशन' हा शब्द मुंगीएवढा.

त्याच रात्री काकांनी 'सामना' लावला. निळू फुले आणि श्रीराम लागू यांचा तो कृष्णधवल चित्रपट त्यांना जवळजवळ पाठ आहे. दहा मिनिटांनी त्यांनी मला हाक मारली. "चित्र स्वच्छ आहे हो," ते म्हणाले, "पण सिनेमा कुठे गेला? हे तर एखाद्या मालिकेचे चित्रीकरण चालू असताना बाजूला उभे राहून बघतोय असे वाटते." त्यांचे खरे होते. माणसे घसरल्यासारखी, तेल लावल्यासारखी हलत होती. साठ हर्ट्झच्या पडद्याला एकशेवीस म्हणवणारी जी करामत, तिनेच 'सामना'ची चाल बदलून टाकली होती.

ही तक्रार एकट्या काकांची नाही. आज टीव्ही घ्यायला जाणारा प्रत्येक जण आकड्यांच्या जंगलात शिरतो. त्यांतले काही आकडे खरे असतात, काही अर्धे खरे असतात आणि काहींना मापाचा नुसता पोशाख चढवलेला असतो. नव्वदच्या दशकात टेपरेकॉर्डर आणि म्युझिक सिस्टिम घेतलेल्यांना 'पीएमपीओ' हे अक्षरचतुष्टय आठवत असेल. हातभर उंचीच्या स्पीकरवर हजार-हजार वॉट लिहिलेले असायचे आणि मागच्या बाजूच्या चिठ्ठीवर तेच यंत्र भिंतीतून जेमतेम पन्नास वॉट घेते असे छापलेले असायचे. त्या पीएमपीओचा पुनर्जन्म आता हर्ट्झच्या रूपाने झाला आहे. फसायचे नसेल तर हा हर्ट्झ काय आहे ते एकदा शांतपणे समजून घेतले पाहिजे.

हलते ते चित्र नव्हे

पडद्यावर काहीच हलत नसते. एकामागून एक स्थिर चित्रे दाखवली जातात आणि हालचाल तयार होते ती आपल्या मेंदूत. हे मराठी माणसाला नव्याने सांगायची गरज नसावी. 'राजा हरिश्चंद्र' करण्याआधी दादासाहेब फाळक्यांनी वाटाण्याच्या दाण्यातून रोप कसे वर येते याची छोटी फिल्म केली होती. कॅमेरा रोपासमोर ठेवून ठरावीक अंतराने एकेक चित्र टिपायचे आणि मग ती सगळी भराभर दाखवायची. अनेक दिवसांची वाढ डोळ्यांसमोर क्षणात उलगडली. सेकंदाला किती चित्रे टिपली आणि सेकंदाला किती दाखवली, या दोन आकड्यांच्या नात्यात चलच्चित्राची सारी जादू आहे, हा धडा आपल्याकडे असा गिरवला गेला.

मूकपटांच्या काळात कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवत, त्यामुळे वेग कमीजास्त व्हायचा. बोलपट आले आणि आवाजासाठी वेग पक्का करणे भाग पडले. तेव्हा ठरला तो सेकंदाला २४ चित्रांचा. शंभर वर्षे होत आली, तरी चित्रपट बहुतांशी याच वेगाने चित्रित होतात. चित्रपटाची म्हणून जी एक किंचित स्वप्नाळू चाल आपल्याला वाटते, ती बरीचशी या २४ ची देणगी आहे. पण सेकंदाला चोवीस वेळाच उजेड पडला तर पडदा लुकलुकेल. म्हणून प्रोजेक्टरमधली फिरती झडप प्रत्येक चित्र दोनदा, कधी तीनदा पडद्यावर टाकते. चित्रे चोवीसच, पण उजेडाचे झोत अठ्ठेचाळीस किंवा बहात्तर. चित्रे किती आणि ती पडद्यावर किती वेळा उमटवली, हे दोन वेगळे हिशेब आहेत. टीव्हीच्या दुकानातला सगळा घोटाळा हे दोन हिशेब एकमेकांत मिसळण्यातून होतो.

दूरचित्रवाणीने आपला आकडा विजेकडून घेतला. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० आवर्तने करते, अमेरिकेत ६०. चित्राचा वेग विजेच्या वेगाशी जुळलेला असला तर विजेच्या गुरगुरीने पडद्यावर सरकते पट्टे दिसत नाहीत, म्हणून जुन्या अभियंत्यांनी आपापल्या देशाच्या विजेचाच आकडा उचलला. १९७२ साली मुंबई दूरदर्शन सुरू झाले, १९८२ साली रंग आले, पण पाया तोच राहिला : ६२५ रेषा आणि सेकंदाला ५० अर्धी चित्रे. एका खेपेला विषम रेषा, दुसऱ्या खेपेला सम. दोन मिळून एक पूर्ण चित्र, म्हणजे सेकंदाला पूर्ण चित्रे २५.

यातून एक गंमत होत असे. चोवीसचा चित्रपट पंचविसाच्या दूरदर्शनवर दाखवायचा कसा? सोपा उपाय म्हणजे तो थोडा वेगाने पळवायचा. तीन तासांचा चित्रपट अशाने सुमारे सात मिनिटे आधी संपायचा आणि गाणी अर्ध्या स्वराला थोडी कमी एवढी चढी ऐकू यायची. कान तयार असलेल्यांना ते खटकायचे, बाकीच्यांना पत्ताही नसायचा. अमेरिकेत चोवीसचे साठ करताना एक चित्र तीनदा, पुढचे दोनदा, पुन्हा तीनदा अशी लंगडी घालावी लागते. आजही साठच्या पडद्यावर चोवीसचा चित्रपट पाहताना कॅमेरा हळू फिरला की दृश्य अडखळते, ते याच लंगडीमुळे. १२० ला मात्र २४ ने पूर्ण भाग जातो. प्रत्येक चित्र बरोबर पाच वेळा दाखवले की झाले. खऱ्या १२० हर्ट्झच्या पडद्याचा हा प्रामाणिक फायदा आहे आणि तो कुणी नाकारू नये.

जुना खोका आणि नवा पडदा

मग जुन्या जाडजूड संचावर ५० हर्ट्झमध्येही चेंडू स्वच्छ दिसायचा आणि आजच्या सपाट पडद्यावर तो फराटा का ओढतो? कारण जुन्या नळीतला ठिपका क्षणभर चमकून विझत असे. पुढचे चित्र येईपर्यंत तिथे अंधार. त्यामुळे पडदा किंचित लुकलुके, पण डोळ्याला प्रत्येक चित्र तीक्ष्ण मिळे. आजचा एलसीडी किंवा ओएलईडी पडदा चित्र उमटवतो आणि पुढचे येईपर्यंत ते तसेच धरून ठेवतो. आपला डोळा मात्र थांबत नाही, तो हलत्या वस्तूमागे सरकत राहतो. चित्र जागेवर आणि नजर पुढे, म्हणून वस्तूची कड पुसट होते.

याचा हिशेब कागदावर मांडता येतो. फोर-के पडद्याची रुंदी ३८४० ठिपक्यांची. एखादी वस्तू तो चार सेकंदांत पार करत असेल तर तिचा वेग सेकंदाला ९६० ठिपके. साठ हर्ट्झला प्रत्येक चित्र सेकंदाचा साठावा भाग धरून ठेवले जाते, म्हणजे नजर तेवढ्या वेळात १६ ठिपके पुढे जाते. तेवढी कड पुसट. एकशेवीसला आठ ठिपके, म्हणजे फराटा निम्मा. पण हा फायदा मिळायला तिथे खरोखरच सेकंदाला १२० वेगवेगळी चित्रे हवीत. तेच चित्र दोनदा दाखवले तर नजरेसाठी काहीच बदलत नाही.

आणि ही चित्रे येणार कुठून? आपल्याकडच्या वाहिन्यांचे प्रक्षेपण आजही पन्नासाच्या घरातले. चित्रपट चोवीसचे. ओटीटीवरच्या मालिका चोवीस किंवा पंचविसाच्या. सेकंदाला १२० खरी चित्रे पुरवणारे घरातले एकच साधन, ते म्हणजे संगणकी खेळांचे यंत्र. २०२० च्या नोव्हेंबरात आलेली प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स ही यंत्रे आणि चांगले संगणक हे करू शकतात. घरात असे खेळणारे कुणी असेल तर १२० च्या पॅनेलसाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ आहे. एरवी मालिका, बातम्या आणि सामने पाहणाऱ्या घराला त्याचा उपयोग मर्यादित आहे.

न घडलेले क्षण

आता मुख्य मुद्दा. १२० चित्रे येतच नसतील तर 'मोशन १२०' वगैरे म्हणवणारा संच करतो काय? तो मधली चित्रे स्वतः काढतो. चेंडू पहिल्या चित्रात इथे होता, दुसऱ्यात तिथे आहे, तर मध्ये तो कुठे असेल याचा अंदाज बांधून नवे चित्र घुसवतो. काही संच याऐवजी किंवा याच्या जोडीला पडद्यामागचा उजेड भराभर चालूबंद करतात आणि ती उघडझापही आकड्यात धरतात.

१४० किलोमीटर वेगाने टाकलेला चेंडू सेकंदाच्या पन्नासाव्या भागात सुमारे ७८ सेंटिमीटर पुढे जातो. म्हणजे दोन चित्रांमध्ये जवळजवळ एका बॅटीएवढे अंतर असे आहे, ज्याची नोंद कॅमेऱ्याकडे नाही. १९९२ च्या नोव्हेंबरात दरबानच्या कसोटीत टीव्हीवरच्या पुनर्दर्शनाचा आधार घेऊन पहिल्यांदा फलंदाज धावबाद दिला गेला आणि तो फलंदाज होता आपला सचिन तेंडुलकर. तो निर्णय आपण मानला, कारण पडद्यावर दिसत होते ते कॅमेऱ्याने टिपलेले होते. पुढे सेकंदाला शेकडो चित्रे टिपणारे कॅमेरे मैदानात आले तेही याचसाठी, की जे दिसेल ते खरोखर घडलेले असावे. आपल्या दिवाणखान्यातला संच मात्र नेमके उलटे करतो. जे टिपलेच गेले नाही ते तो रंगवून दाखवतो. बहुतेक वेळा अंदाज बरोबर येतो. कधी चेंडूभोवती धूसर कडे उमटते, कधी धावणाऱ्याचा पाय क्षणभर विरघळतो.

सामन्यात हे एक वेळ चालेल. पुष्कळांना ती गुळगुळीत हालचाल आवडतेही आणि ज्याला आवडते त्याने ती खुशाल पाहावी. चित्रपटाचे तसे नाही. दिग्दर्शकाने आणि छायाचित्रकाराने निवडलेली चाल यंत्राने परस्पर बदलणे म्हणजे ख्याल गाणाऱ्याच्या लयीत तबलजीने आपल्या मनाने दुगुन लावण्यासारखे आहे. हॉलिवूडचा नट टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅकक्वारी यांनी २०१८ च्या डिसेंबरात एक छोटी चित्रफीत काढून प्रेक्षकांना ही करामत बंद करण्याची विनंती केली, ती उगाच नव्हे. २०१९ मध्ये संच बनवणाऱ्या कंपन्या आणि चित्रपटवाले यांच्या संघटनेने 'फिल्ममेकर मोड' नावाची सोय जाहीर केली. ती चालू केली की संच आपली हुशारी बाजूला ठेवतो. आता ती अनेक संचांत असते, पण खोका उघडून पहिल्यांदा टीव्ही लावला की बहुधा हुशारीच चालू असते, कारण दुकानातल्या झगझगाटात तीच उठून दिसते.

किलो म्हणजे किलो

कंपन्यांचे म्हणणे असे की, आम्ही कुठे हर्ट्झ म्हटले? आम्ही 'मोशन रेट' म्हटले, त्याला आमचे खास नाव दिले, खाली तारांकित टीपही दिली. शब्दांत पकडायला गेले तर ते निसटतील. पण ज्या ग्राहकाला दुकानात 'एकशेवीस' एवढेच ऐकू येते, त्याला ती टीप कोण वाचून दाखवतो? हर्ट्झ हे हाइनरिश हर्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखले जाणारे साऱ्या जगाने मान्य केलेले एकक आहे. त्याचा अर्थ एकच : सेकंदाला इतक्या वेळा. किलो म्हणजे किलो. वाण्याने 'आमचा खास किलो' म्हणून पाचशे ग्रॅम साखर दिली तर आपण त्याला टीप दाखव असे म्हणत नाही, वजनमापवाल्यांना बोलावतो.

चातुर्य इथेच संपत नाही. काही फोर-के संचांचे पॅनेल साठचेच असते, पण दोन-दोन आडव्या रेषा एकदम चालवून ते १२० दाखवते. म्हणजे वेग दुप्पट आणि उभी रेखीवता निम्मी, २१६० रेषांऐवजी १०८०. खोक्यावर मात्र फोर-केही असते आणि १२० ही असते. दोन्ही खरे, फक्त एकाच वेळी नाहीत. तसेच 'एचडीएमआय २.१' चे. या नावाखालच्या अनेक सोयी ऐच्छिक असल्यामुळे केवळ ते नाव वाचून त्या खाचेतून फोर-के चित्र १२० च्या वेगाने जाईल असे धरून चालता येत नाही.

आपल्याकडे कायदे नाहीत असे नाही. टीव्हीच्या जाहिरातीत '१०८ सेंटिमीटर (४३ इंच)' असे का लिहितात? वैधमापनशास्त्राचा कायदा माप मेट्रिक एककातच सांगायला लावतो म्हणून. पडद्याच्या कर्णाबाबत जी शिस्त लागली, ती त्याच्या वेगाबाबत लागायला काय हरकत आहे? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या आहे आणि महत्त्वाची माहिती हेतुतः दडवणेही त्यात येते. त्याखाली २०२० मध्ये स्थापन झालेले केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण अशा जाहिरातीला दहा लाखांपर्यंत आणि पुन्हा तेच घडल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड करू शकते. अमेरिकेत व्हिझिओ या कंपनीवर नेमक्या याच 'परिणामी' रिफ्रेश रेटवरून खटला झाला. कॅलिफोर्नियात २०१४ नंतर विकलेल्या संचांबद्दलचा तो दावा कंपनीने चूक मान्य न करता तीस लाख डॉलर देऊन मिटवला. बिंदुमाधव जोशींच्या ग्राहक पंचायतीपासून ग्राहक चळवळीची परंपरा असलेल्या महाराष्ट्राने हा प्रश्न लावून धरायला हवा.

मागणी फार मोठी नाही. पॅनेलचा मूळ रिफ्रेश रेट खोक्याच्या दर्शनी बाजूला, किमतीएवढ्याच ठळक अक्षरांत छापावा. तो पूर्ण रेखीवतेला मिळतो की अर्ध्या, हे त्याच ओळीत सांगावे. आणि कंपनीने स्वतः बेतलेल्या कोणत्याही आकड्याला हर्ट्झच्या जवळपास फिरकू देऊ नये. एवढे केले तर विक्रेत्यालाही खोटे बोलावे लागणार नाही. त्या बिचाऱ्याला तरी कंपनीने दुसरे काय शिकवलेले असते?

तोपर्यंत आपली काळजी आपणच घ्यायची. दुकानात 'हर्ट्झ किती' असे विचारू नये. 'पॅनेलचा नेटिव्ह रिफ्रेश रेट किती' असे विचारावे आणि उत्तर बिलावर लिहून मागावे. खरे सांगणारा लिहून देतो. पोपट आणि मध बंद करायला सांगून एखादी मराठी वृत्तवाहिनी लावून घ्यावी. खालून धावणारी बातम्यांची पट्टी न अडखळता वाचता येते का आणि अक्षरांना शेपट्या फुटतात का, ते पाहावे. यापेक्षा चांगली परीक्षा नाही. साध्या प्रक्षेपणातली वाहिनी मोठ्या पडद्यावर कशी दिसते तेही तिथेच कळते, कारण फोर-केचे ८३ लाख ठिपके भरायला तिच्याकडे जेमतेम चार लाख असतात. घरी आल्यावर चित्राच्या सेटिंगमध्ये 'मोशन' नावाचे जे काही असेल ते चित्रपटापुरते बंद करावे. आणि घरात खेळणारे कुणी नसेल तर साठचा चांगला पडदा घेऊन वाचलेले पैसे बऱ्या स्पीकरवर घालावेत. साठ हा आकडा लाजिरवाणा नाही. लाजिरवाणे आहे ते साठला एकशेवीस म्हणणे.

काकांच्या नातीने ती करामत बंद करून दिली आणि 'सामना' पुन्हा 'सामना' झाला. दुकानदाराने मात्र हात वर केले. खोक्यावर टीप आहे, ती तुम्ही वाचायला हवी होती, असे त्याचे म्हणणे पडले. काकांनी भांडण केले नाही. खोक्याची ती बाजू कापून ठेवली आणि टपाल खात्यातल्या माणसाला शोभेलशा वळणदार अक्षरात ग्राहक मंचाकडे अर्ज लिहायला घेतला. "आठ हजारांचे एवढे नाही," ते मला म्हणाले. "आमच्या काउंटरवर काटा दोन ग्रॅम इकडेतिकडे झाला तर साहेब जाब विचारायचे. यांना कुणीतरी एकदा विचारायला नको?"